उजव्या टाचेपासून कानापर्यंत

तपासनीस बाईंच्या उजव्या टाचेत कळ यायची ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि सरकारी खर्चानं. टाचेतून निघालेली ही कळ पोटरीतून गुडघ्यामागे जायची, तिथं जरा टेकायची, मग पाठीच्या कण्याशेजारून चढत चढत उजव्या कानामागे जाऊन थांबायची. संध्याकाळी जास्त. आभाळ आलेलं असलं तर विचारूच नका. हे सगळं डॉक्टरांना सांगताना बाईंचा आवाज असा काही बारीक व्हायचा, की समोरचा माणूस आपली खुर्ची पुढे ओढून घ्यायचा. तपासून झालं, की बाई दवाखान्याच्या पायऱ्या धडाधडा उतरायच्या आणि दोन गल्ल्या पलीकडच्या बसथांब्यावर उभ्या राहून टिपणं लिहायच्या. टाच अगदी ठणठणीत.

डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेत बाई नोकरीला होत्या. शहरातले काही नोंदणीकृत डॉक्टर नेहमीच्या औषधांच्या जोडीला आणखीही काहीबाही करत. कुणी लोहचुंबक बांधायचे, कुणी कानात सुया टोचायचे, कुणी तेलांचे वास द्यायचे. परिषदेची त्याला ना नव्हती. तिचं म्हणणं तीनच गोष्टींपुरतं होतं. या उपचाराबद्दल काय ठाऊक आहे आणि काय नाही, ते पेशंटला स्वच्छ सांगा. त्याची लेखी संमती घ्या. आणि त्याची चालू औषधं आपल्या मनानं बंद करू नका. एवढं पाळलं, की तुम्ही चुंबक बांधा नाहीतर घंटा बांधा. पाळताय की नाही, हे बघायला पेशंट बनून जाणं हे बाईंचं काम.

हे दुखणं बाईंनी स्वतः घडवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या या टेबलावर आल्या तेव्हा परिषदेवर शरीरशास्त्राचे एक म्हातारे प्राध्यापक होते. त्यांच्यासमोर बसून बाईंनी कळीचा रस्ता बोटानं काढून दाखवला होता. प्राध्यापकांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "बाई, असं दुखणं माणसाला होऊच शकत नाही. बैलालासुद्धा नाही." बाईंना हेच हवं होतं. जो डॉक्टर म्हणेल, 'मला हे समजत नाही, आधी तपासण्या करू,' तो सरळ. आणि जो म्हणेल, 'हं, हे यकृताच्या उष्णतेनं होतं,' तो सापडला. सगळ्यांना एकच फूटपट्टी लागावी म्हणून परिषदेनं परिपत्रक काढून हे दुखणं कायम केलं. त्यात बदल करायचा तर समितीची बैठक, ठराव आणि तीन सह्या.

सुरुवातीच्या वर्षांत बाईंनी भल्याभल्यांना पाणी पाजलं. एकानं त्यांच्या अंगठ्यात तांब्याची अंगठी घातली, एकानं कळ पूर्वजांकडून आल्याचं सांगितलं, एक जण तर म्हणाला, अशा आठ केसेस मी याच महिन्यात बऱ्या केल्यात. ते वाक्य बाई अजून मिटक्या मारत सांगायच्या. पुढे हळूहळू असे लोक सापडेनासे झाले. जाल तिथं हसतमुख डॉक्टर, छापील संमतीपत्र, भिंतीवर नियमांची पाटी. गेली सहा-सात वर्षं तर बाईंचे सगळे अहवाल कोरे करकरीत होते. दोनशे चौदा भेटी आणि एकही तक्रार नाही. बाईंना वाटायचं, आपण हे शहर सुधारलं. असं वाटून घ्यायला काही फार शहाणपण लागत नाही, आणि बाईंना तर ते वाटून घेताना फारच बरं वाटायचं. चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. निबंधकसाहेबांनी निरोपसमारंभाची जुळवाजुळव सुरू केली होती आणि भाषणात घालायला दोनशे चौदा हा आकडा मागून घेतला होता.

घरी बाई आणि त्यांच्या वन्सं, अशा दोघीच. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. वन्सं म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण, लग्न न केलेल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिल्यामुळे आता तरी आपलं कुणीतरी ऐकावं अशी त्यांची अपेक्षा असे, आणि ऐकायला घरात एक भावजय तेवढी होती. ती दिवसभर कचेरीत. बाईंचं काम गुप्त असल्यामुळे वन्संना एवढंच माहीत होतं, की ही कुठल्यातरी परिषदेत कागद लावते.

वन्संचा एक स्वभाव इथं सांगून ठेवला पाहिजे, कारण पुढे सगळं त्यावरच बेतलं आहे. दुसऱ्याचं दुखणं त्यांना बघवत नसे, म्हणजे ते आपल्याला नाही हे त्यांना बघवत नसे. बाईंना शिंक आली की वन्संना सर्दी. शेजारणीची दाढ ठणकली की वन्संच्या दोन. एकदा वरच्या मजल्यावरच्या सुनेला डोहाळे लागले, तर वन्संना आठवडाभर सकाळी मळमळत होतं.

एक दुखणं मात्र त्यांचं स्वतःचं होतं. रक्तदाब. तो त्या घराण्यातच होता. बाईंचे यजमान त्यापायीच गेले, दाढी करता करता, अर्धा गाल तसाच साबणाचा. आठ दिवस त्यांचं डोकं दुखत होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. त्यानंतर बाईंनी वन्संसाठी सात झाकणांची गोळ्यांची डबी आणली, वारांची नावं लिहिलेली. रोज सकाळी त्या झाकण उघडून डबी चहाशेजारी ठेवायच्या आणि बस पकडायला पळायच्या. संध्याकाळी कप्पा रिकामा दिसायचा.

एका रविवारी फडताळ आवरताना बिस्किटांचा जुना डबा खडखडला. बाईंनी झाकण काढलं. आत गोळ्या. पांढऱ्या, बारीक, ओळखीच्या. त्यांनी ओट्यावर ओतून मोजल्या, त्र्याण्णव भरल्या.

"वन्सं, हे काय?"

वन्संनी चष्मा वर केला, बघितलं आणि पुन्हा खाली केला. "गोळ्या."

"ते दिसतंय मला. इथं कशा आल्या?"

"मग काय फेकून द्यायच्या? चांगल्या गोळ्या आहेत." वन्सं खिडकीकडे वळून म्हणाल्या, "आमचे डॉक्टर म्हणाले, निळं पाणी चालू आहे ना, मग गोळीचं काय काम? एका कामाला दोन माणसं कशाला?"

खिडकीत एक निळी बाटली उन्हात उभी होती. बाईंना ती तीन महिन्यांपासून दिसत होती. वन्संनी काहीतरी नवीन छंद घेतला असेल असं त्यांना वाटलं होतं.

"कोण आमचे डॉक्टर?"

वन्संनी नाव सांगितलं, आणि बाईंनी ओट्याची कड धरली. शहरात सगळे त्यांना रंगीत डॉक्टर म्हणत. पदवी पक्की, नोंदणी पक्की, आणि दवाखान्याच्या खिडकीत सहा रंगांच्या बाटल्या उन्हात ठेवलेल्या; त्यांतलं उन्हं खाल्लेलं पाणी ते पेशंटला प्यायला देत. त्यांच्याकडे बाई दोन महिन्यांपूर्वीच टाच घेऊन गेल्या होत्या. अहवालात त्यांनी एक शब्द लिहिला होता, जो त्या सहसा कुणाला देत नसत. 'आदर्श.'

बाईंनी वन्संना तसंच उठवून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे नेलं. त्यानं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला. "एकशे अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला, "आणि खालचा एकशे सहा. मावशी, चक्कर येत नाही?"

"येते की," वन्सं अभिमानानं म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, रंग मुरतोय."

घरी आल्यावर बाईंनी समजावलं, रागावल्या, पाया पडल्या, शेवटी रडल्यासुद्धा. वन्सं ढिम्म. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. "ते पंचवीस मिनिटं बोलतात माझ्याशी," त्या म्हणाल्या. "लहानपणी काय आवडायचं, ते विचारतात. तू कधी विचारलंस?" बाई आणखीनच चिडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक गोळी चमच्यात कुटली आणि वन्संच्या चहावर धरली. हात तसाच राहिला. नियम दुसरा: संमतीशिवाय उपचार नाही. या एका वाक्यासाठी त्यांनी अकरा वर्षं लोकांना नोटिसा काढल्या होत्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःचाच नियम आडवा यावा, याचा त्यांना इतका संताप आला, की तो चहा त्यांनी मोरीत ओतला आणि दुसरा केला. मग कचेरीत न जाता त्या सरळ रंगीत डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. आदर्श म्हणे. आज त्या नीट डोळ्यांत तेल घालून बघणार होत्या.

बाहेरच्या खोलीत चार बाकं, एक पंखा आणि टेबलामागे स्वागतिका. "काय होतंय?" तिनं विचारलं. बाईंनी आवाज बारीक करून टाचेपासून सुरुवात केली. गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर स्वागतिका उठलीसुद्धा होती. "बसा हं, बसा," म्हणून ती आत गेली आणि पडद्यामागून तिचं कुजबुजणं आलं, "सर, टाच आली."

आत खुडबुड झाली. काचेवर काच लागल्याचा आवाज, कपाट उघडल्याचा, मिटल्याचा. मग स्वागतिका नियमांची पाटी छातीशी धरून बाहेर आली आणि तिनं ती बाईंच्या डोक्यावरच्या खिळ्याला अडकवली. बाकावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "पोरी, ही पाटी तर कधी नव्हती इथं!" पोरीनं कानावर हात ठेवले.

तिनं संमतीपत्र आणून टेबलावर पसरलं. सही करायला बाई पुढे वाकल्या. टेबलावर काच होती आणि काचेखाली देवाचा फोटो असावा तशी एक चिठ्ठी नीट मध्यभागी ठेवलेली होती. ती उलटी होती. पण तीस वर्षं साहेबांच्या टेबलासमोर उभं राहिलेल्या माणसाला उलटं वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'उजवी टाच – गुडघा – पाठ – कान. परिषदेच्या बाई. पाटी लाव. फॉर्म दे. बाटल्या झाक. सरांना सांग.' खाली वेगळ्या शाईनं, 'चहा विचार. साखर कमी.'

बाईंनी सही केली. टोपण लावून पेन बरोबर त्या चिठ्ठीवर ठेवलं.

आत रंगीत डॉक्टरांनी त्यांना देवाची पूजा करावी तसं तपासलं. पाय तपासले, पाठ तपासली, रक्तदाब घेतला. "खरं सांगू का बाई," ते गोड हसून म्हणाले, "मला या दुखण्याचं कारण कळत नाही. उगाच काहीतरी सांगणं बरोबर नाही. माझ्याकडे एक पूरक उपचार आहे, पण त्याचा पुरावा फारसा नाही. तुमची चालू औषधं मात्र मुळीच बंद करायची नाहीत हं." अकरा वर्षं बाईंना हे ऐकायला आवडत आलं होतं. आज प्रत्येक वाक्याला कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं वाटत होतं.

बसथांब्यावर त्यांनी वही काढली नाही. दोन बस गेल्या. शहर सुधारलं नव्हतं, फक्त बाईंना ओळखायला शिकलं होतं. डॉक्टर लोकांचा मोबाइलवर ग्रुप असतो हे त्यांना माहीत होतं. तिथं आपल्या टाचेचा नकाशा फिरत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. तक्रार करावी तर ती पेशंटनं केली पाहिजे, आणि वन्सं मरतील पण तक्रार करणार नाहीत. दुखणं बदलावं तर समिती, ठराव आणि तीन सह्या. तोवर वन्संच्या डोक्यात एकशे अठ्ठ्याऐंशी. तिसरी बस आली. बाईंच्या मनात एक लबाड विचार आला आणि त्या हसतच बसमध्ये चढल्या, तेव्हा कंडक्टरनं त्यांच्याकडे वळून बघितलं.

संध्याकाळी जेवताना बाईंनी घास खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"काय गं?" वन्सं म्हणाल्या.

"काही नाही वन्सं. उजव्या टाचेत जरा..." बाईंनी ओठ चावला. आजवर त्यांनी हे काम फक्त कचेरीसाठी केलं होतं. घरच्या प्रेक्षकांसमोर हा पहिलाच प्रयोग. त्यांनी तो जीव ओतून केला. टाचेतून गुडघ्यामागे, गुडघ्यामागून पाठीत, पाठीतून कानामागे. कानापाशी तर त्यांनी बारीकसं किंचाळूनही घेतलं. "कचेरीतली एक जण म्हणत होती," त्या म्हणाल्या, "हे फार कमी लोकांना होतं. लाखात एखाद्याला. नाजूक प्रकृतीच्या."

"तू कुठली नाजूक?" वन्सं तुटकपणे म्हणाल्या आणि भांडी गोळा करायला उठल्या. उठताना त्यांनी उजवा पाय जरासा हलकेच टेकवला. बाईंनी ते बघितलं आणि ताटात तोंड खुपसलं.

बुधवारी सकाळी वन्सं भिंत धरून आल्या. "माझी तर दोन्ही टाचांतून निघते," त्या म्हणाल्या. "दोन्ही कानांपर्यंत."

"अगंबाई," बाई म्हणाल्या. "दाखवून घ्या बरं तुमच्या डॉक्टरांना. आणि सांगताना नीट सांगा, टाच, गुडघा, पाठ, कान. मधलं काही गाळू नका."

"मला शिकवू नकोस. माझं दुखणं मला माहितीय."

गुरुवारी वन्सं दवाखान्यात गेल्या. बाई समोरच्या वाण्याच्या दुकानात उभ्या राहिल्या आणि लागत नसताना त्यांनी साबण, काड्यापेटी, पुन्हा साबण असं घेत चाळीस मिनिटं काढली. आत काय झालं ते त्यांना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, वन्संकडून आणि इतरांकडून. आपण ते सलग सांगू.

वन्संनी टाचेपासून सुरुवात केली तेव्हा डॉक्टर बाटलीचं बूच काढत होते. गुडघ्याला बूच हातातून पडलं. कानाला डॉक्टर उभे राहिले. "मावशी," ते म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

"मग! आणि माझं दोन्ही पायांचं आहे," वन्सं म्हणाल्या.

"दोन्ही..." डॉक्टरांनी खुर्चीचा हात चाचपला. ग्रुपवर दोन टाचांबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. म्हणजे ही वरच्या दर्जाची अधिकारी. "मावशी, तुम्ही इथं कधीपासून येताय?"

"वर्ष झालं की. विसरलात होय? मला सगळं आठवतंय. तुम्ही काय काय म्हणालात, सगळं. घरी डायरीत लिहून ठेवलंय मी."

वन्संनी हे प्रेमानं सांगितलं होतं. डॉक्टरांचं धाबं दणाणलं. वर्षभर ही बाई समोर बसून लहानपणीच्या गोष्टी सांगत होती आणि आपण तिला गोळ्या बंद करायला सांगितल्या, आणि ते तारखेसकट डायरीत आहे! त्यांनी ताबडतोब पट्टा काढला, तीनदा रक्तदाब घेतला, आणि आकडा बघून मात्र त्यांचा चेहरा खराच उतरला. त्या क्षणी त्यांना परिषद आठवली नसावी, असं बाईंना पुढे वाटत राहिलं, आणि तेवढं आपण त्यांना द्यावं. त्यांनी स्वतः उठून ग्लासात साधं पाणी आणलं आणि हात जोडले. "मावशी, माझं चुकलं. गोळी आजच, आत्ता घ्या. पुन्हा कुणीही सांगितलं, मी सांगितलं तरी, बंद करू नका." ते त्यांनी कागदावर लिहून दिलं, खाली सही केली, सहीखाली शिक्का मारला, रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या लिहिल्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

वन्सं कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. "बिघडले हे डॉक्टर," त्या रस्ता ओलांडताच म्हणाल्या. "आज एक शब्द धड बोलले नाहीत. नुसते कागद आणि घाम. आणि तू इथं साबण घेऊन काय करतेस?"

"गोळी घेतलीत?"

"घेतली बाई. एवढा मोठा माणूस हात जोडतो म्हटल्यावर काय करणार?"

बाईंनी साबणाच्या चार वड्या छातीशी धरल्या आणि भर रस्त्यात वन्संना मिठी मारली. वन्संनी तिच्यातून अंग सोडवून घेतलं, पण लगेच नाही.

इथंच हे मिटलं असतं तर बाईंची झोप उडाली नसती. पण शुक्रवारी परिषदेचं दार उघडायच्या आधी रंगीत डॉक्टर पायरीवर उभे होते. डायरी परिषदेत पोचण्याआधी आपणच कबूल केलेलं बरं, असा त्यांनी हिशेब केला होता. त्यांनी तीन पानी माफीपत्र लिहून आणलं होतं. अकरा वाजता निबंधकसाहेबांनी बाईंना आत बोलावलं. साहेब इतके खूश होते, की त्यांनी बाईंना बसा म्हटलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"बाई, कमाल केलीत! एका दवाखान्यात वर्षभर माणूस पेरलात आणि मलासुद्धा पत्ता नाही? दोन्ही टाचा! काय डोकं आहे!" साहेबांनी माफीपत्र हवेत नाचवलं. "हे भाषणात घेतो मी. दोनशे चौदा निर्दोष अहवाल, आणि वर हा मोहरा. समारंभाला मोठं सभागृह घेऊ."

खरं म्हणजे गप्प राहणंच पुरेसं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती. अकरा वर्षांच्या या कामावर असा कळस कुणाला मिळतो? आणि त्यांना मोठं सभागृह फार आवडलं असतं, हे आपण लपवण्यात अर्थ नाही. त्या क्षणभर मनातल्या मनात त्या सभागृहात जाऊन पहिल्या रांगेत बसूनही आल्या. पण तिथं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बिस्किटांचा डबा होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "त्या माझ्या नणंद आहेत."

"काय?"

"त्या खऱ्या पेशंट आहेत. त्यांच्या गोळ्या खरंच बंद होत्या. या डॉक्टरांना मी दोन महिन्यांपूर्वी आदर्श म्हणून लिहिलं, तेव्हाही बंद होत्या. माझी टाच सगळ्या शहराला पाठ आहे साहेब. टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी आहे. माझ्या चहात साखर कमी, हेसुद्धा त्यांना माहितीय." बाईंचा आवाज बारीक झाला, या वेळी आपोआप. "दोनशे चौदा अहवाल रद्द करा. त्या दवाखान्यांत मी गेले नव्हते. मी गेले की तो दवाखानाच बदलायचा. माझ्या घरात एक डबा निघाला. बाकीच्या घरांत किती असतील, ते मला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय मला हार घालू नका."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग दार लावून घेतलं आणि अर्धा तास बाईंना समजावलं. माफीपत्र आहे ना, विषय संपला, चार महिने राहिले, कशाला उकरून काढायचं. बाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि जाताना आपल्या मागण्यांचा कागद टेबलावर ठेवला. रात्री जागून लिहिलेला नव्हता तो, तिथंच साहेबांच्या पेननं पाच ओळींत लिहिलेला.

पुढे जे झालं ते असं. बाईंना लाच मिळत होती का, याची चौकशी झाली. तीन आठवडे लोक त्यांच्याशी नजर चुकवून बोलत होते, आणि जिन्यात त्यांना बघून एक कारकून उगाच लंगडला. चौकशीत त्यांनी फक्त चहा घेतल्याचं निष्पन्न झालं. रंगीत डॉक्टरांची नोंदणी सहा महिन्यांसाठी देखरेखीखाली गेली. त्यांच्या प्रत्येक पेशंटच्या गोळ्यांची यादी दर महिन्याला परिषदेत जाते. बाटल्या आहेत, पाटीही आहे, आणि ती आता खिळ्यावरून कुणी काढत नाही. समितीची बैठक झाली, ठराव झाला, तीन सह्या झाल्या. पोटदुखी, कानात घंटा, हाताला मुंग्या, अशी नवी दुखणी मंजूर झाली आणि दर तीन महिन्यांनी बदलायची ठरली. पेशंट दवाखान्यातून बाहेर पडल्यावर त्यांनाही विचारायचं ठरलं, काय सांगितलं, काय बंद केलं. यातलं शेवटचं बाईंच्या पाच ओळींत होतं. पहिल्याच महिन्यात एकोणीस ठिकाणी गोळ्या बंद केलेल्या सापडल्या.

निरोपसमारंभ छोट्या खोलीत झाला. साहेबांनी चार वाक्यं बोलून खुर्ची गाठली. आकडा कुणी काढला नाही.

त्या दिवशी बाई लवकर घरी आल्या. हातात गुच्छ होता. वन्सं खिडकीशी बसल्या होत्या. निळ्या बाटलीत त्यांनी एक रोपटं लावलं होतं. गोळ्यांच्या डबीचा आजचा कप्पा रिकामा होता, आणि बाईंनी सवयीनं फडताळातला बिस्किटांचा डबा हलवून बघितला. त्यात बिस्किटं होती.

"आज कळ फार आहे," वन्सं म्हणाल्या. दोन्ही टाचांची ती कळ काही गेली नव्हती. हृदयाच्या डॉक्टरांनी, हाडांच्या डॉक्टरांनी, सगळ्यांनी हात टेकले होते. ते दुखणं जगात नाही, हे सांगायचं बाईंच्या कितीदा जिभेवर आलं होतं. आजपासून काम गुप्त ठेवायचंही कारण नव्हतं. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच त्या जिना चढल्या होत्या.

त्यांनी गुच्छ ओट्यावर ठेवला. खिडकीजवळ गेल्या. वन्संच्या केसांत, कानामागे, अगदी तशाच जागी पांढऱ्या बटा होत्या जशा त्यांच्या भावाच्या होत्या. आठ दिवस यजमानांचं डोकं दुखत होतं आणि बाई रोज बस पकडायला पळत होत्या.

बाईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली, घड्याळात बघितलं आणि मनगटावरचं ते काढून गुच्छाशेजारी ठेवून दिलं.

"सांगा वन्सं," त्या म्हणाल्या, "कुठून सुरू होते?"

"टाचेतून," वन्सं म्हणाल्या. मग बाटलीतलं रोपटं जरा बाजूला सरकवून म्हणाल्या, "पण त्याआधी लहानपणचं सांगावं लागेल."

"सांगा की. मला आता कुठं जायचंय?"